रविवारची ९.३८

संध्याकाळच्या वेळी अंबरनाथच्या फलाटावर कधी उभे राहिला आहात? बदलापूर लोकलची वाट बघत ही गर्दी असते. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या पाठीवर क्लासचे दप्तर. इतक्यात घोषणा होते, फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहा, जलद गाडी जात आहे. मागोमाग पुण्याकडे निघालेली एखादी गाडी धडधडत येते. थांबायचे नावच नाही! कागदाचे कपटे उडतात, ओढण्या फडफडतात, लहान मुले आईच्या मागे लपतात आणि 'आली आली' म्हणेपर्यंत शेवटचा डबाही निघून जातो.

आता समजा, त्या गाडीची घोषणाच झाली नाही. आवाज नाही, वारा नाही, कुणी मान वर करूनही पाहिले नाही. आणि सहा तासांनंतर हजारो मैलांवरून कुणीतरी सांगितले, "अहो, सकाळी तुमच्या फलाटाला जवळजवळ घासून एक गाडी गेली बरं का!"

अशी एक गाडी खरोखरच गेली. तारीख १६ ऑगस्ट २०२०, वार रविवार. तुमच्यातले बरेच जण तेव्हा अगदीच लहान असतील. करोनाचे दिवस होते. शाळा बंद, आणि लोकल चालू असली तरी ती फक्त अत्यावश्यक कामावर जाणाऱ्यांसाठी. आदल्या दिवशी स्वातंत्र्यदिन होऊन गेलेला, पुढच्या शनिवारी गणपती यायचे होते. श्रावणातला तो शेवटचा रविवार. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या चाळींत, बदलापूरच्या नव्या इमारतींत लोक दुसरा चहा घेत होते. घड्याळात ९ वाजून ३८ मिनिटे झाली होती.

नेमके त्याच वेळी हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून एक दगड गेला. साधा नाही, अंतराळातला. समुद्रापासून त्याची उंची होती सुमारे २,९५० किलोमीटर. तुम्ही म्हणाल, "हॅ, एवढ्या लांबून गेला तर त्यात काय!" थांबा. आपला भारत उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे तो दगड आपल्या देशाच्या लांबीपेक्षाही कमी अंतरावरून गेला. तोवर पृथ्वीवर न आदळता इतक्या जवळून गेलेला दुसरा एकही लघुग्रह कुणाला माहीत नव्हता. विक्रमच तो!

हे अंतर नीट कळायला हवे असेल तर बाजारातून एक पपनस आणा. गणपतीच्या सुमारास ती मिळतातच. तेरा सेंटिमीटर जाडीचे पपनस निवडा. ही झाली आपली पृथ्वी. एक सेंटिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. या मापाने चंद्र म्हणजे एक लहानसे लिंबू, आणि ते ठेवायचे जवळपास चार मीटरवर, खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीशी. दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवणारे उपग्रह पपनसापासून छत्तीस सेंटिमीटरवर फिरतील. आणि आपला दगड? पपनसाच्या सालीवर दोन बोटे आडवी ठेवा. बस्स, तेवढ्यावरून तो गेला. आणि सूर्य कुठे, असे विचाराल तर पपनस अंबरनाथ स्टेशनात ठेवले असता चार मजली इमारतीएवढा सूर्य दीड किलोमीटर लांब, पूर्वेला शिवमंदिराच्या वाटेवर कुठेतरी उभा करावा लागेल. दगड मात्र या मापाने दाखवताच येत नाही. रोगजंतूपेक्षाही तो बारीक होईल!

कारण खरा दगडच मुळी लहान होता. तीन ते सहा मीटर. म्हणजे स्टँडवरच्या दोन रिक्षा एकीमागे एक लावल्या तर होईल तेवढा. वेग मात्र रिक्षाचा नव्हे. पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना तो सेकंदाला १२.३ किलोमीटर या वेगाने चालला होता. उल्हासनगर ते बदलापूर हे रेल्वेचे अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. लोकलला तिथे जायला बारा-पंधरा मिनिटे लागतात. या दगडाने ते एका सेकंदाच्या आत कापले असते. आपण 'बदलापूर' हा शब्द पुरता उच्चारायच्या आधी!

या दगडाला नाव आहे '२०२० क्यूजी'. नाव कसले, गाडीचा नंबरच म्हणा ना. पण हा नंबर वाचायला फार मजा येते. पहिला आकडा शोध लागल्याच्या वर्षाचा. पुढचे इंग्रजी अक्षर महिन्याचा पंधरवडा सांगते. जानेवारीचे पहिले पंधरा दिवस म्हणजे ए, उरलेले दिवस बी, फेब्रुवारीचे पहिले पंधरा दिवस सी... असे पुढे जायचे. फक्त आय हे अक्षर गाळायचे, कारण ते एकच्या आकड्यासारखे दिसते. असे मोजत गेलात की ऑगस्टचा दुसरा पंधरवडा क्यूवर येतो. शेवटचे जी हे सातवे अक्षर. म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदला गेलेला हा सातवा लघुग्रह. तुमच्या वाढदिवसाला कोणते अक्षर येते, ते काढा पाहू.

हा दगड सापडला कसा, ही तर फारच गमतीची हकिकत आहे, आणि तिच्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पालोमार नावाच्या डोंगरावर एक वेधशाळा आहे. तिथल्या १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला एक भलामोठा कॅमेरा जोडलेला आहे. या सगळ्या यंत्रणेचे नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, थोडक्यात झेडटीएफ. हा कॅमेरा एका छायाचित्रात आकाशाचा एवढा मोठा तुकडा टिपतो, की त्यात दोनशेहून जास्त पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील. रात्रभर तो तीस-तीस सेकंदांची छायाचित्रे घेत असतो. त्यात तारे ठिपक्यांसारखे येतात. पण त्या तीस सेकंदांत एखादी वस्तू झरझर सरकली, तर तिची रेघ उमटते. रात्री कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या वाहनांचा फोटो कॅमेऱ्याचे झाकण जरा जास्त वेळ उघडे ठेवून काढला, तर दिव्यांच्या लांबच लांब रेघा दिसतात ना, तसेच.

मग रेघ दिसली की लघुग्रह सापडला म्हणायचे का? छे! आकाशात माणसाने सोडलेले उपग्रह काय थोडे आहेत? बहुतेक रेघा त्यांच्याच असतात. संगणक पहिली चाळणी लावतो, हजारो रेघांतल्या नको त्या बाजूला काढतो. तरीही उरलेल्या रेघा माणसालाच डोळ्यांनी तपासाव्या लागतात. डाळीतले खडे निवडण्याचेच काम म्हणा. पण इथे डाळ टाकायची आणि खडा ठेवायचा!

हे निवडण्याचे काम करणाऱ्यांत पवईच्या आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. प्राध्यापक वरुण भालेराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते हे काम करत. पालोमारला रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो, हा यातला मोठाच फायदा. तिकडे झोपेची वेळ, इकडे ताजे डोळे. लॉकडाऊनमुळे कॉलेजात जाणे बंद होते, पण छायाचित्रे काय, इंटरनेटवरून कुठेही येतात.

त्या रविवारी आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजायच्या सुमारास, म्हणजे पालोमारच्या पहाटे तीनला, झेडटीएफच्या कॅमेऱ्याने एक लांब रेघ टिपली. ती कुणाल देशमुख या विद्यार्थ्याच्या नजरेला पडली. तो शिकत होता धातुशास्त्राचे अभियांत्रिकी, आणि शोधत होता आकाशातले दगड! त्याच्याबरोबर आयआयटीचीच क्रिती शर्मा आणि तैवानचा चेन-येन शू हेही या शोधात होते. ही रेघ उपग्रहाची नाही, असे ठरल्यावर जगभरच्या दुर्बिणींना कळवले गेले, आणखी वेध आले, त्यावरून वाट मोजली गेली. तेव्हा कुठे उलगडा झाला, की पाहुणा येऊन, दाराशी डोकावून, सहा तासांपूर्वीच परत निघाला आहे. त्या सहा तासांत तो पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या अंतराच्या जवळजवळ अर्ध्यावर पोहोचला होता.

"पण मग तो येताना का नाही दिसला? एवढ्या दुर्बिणी काय करत होत्या?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर शाबास! तो यायलाच हवा.

तो सूर्याच्या दिशेने आला. सकाळी पूर्वेकडे तोंड करून क्रिकेट खेळताना उंच उडालेला चेंडू सूर्याच्या आड गेला, की झेल घेणाऱ्याची काय गत होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. चेंडू असतो, पण दिसत नाही. जमिनीवरच्या दुर्बिणींचेही तसेच. त्या रात्रीच काम करतात. जो दगड दिवसाच्या आकाशातून येईल, त्याच्यापुढे त्यांचे काही चालत नाही. तो पृथ्वीला ओलांडून रात्रीच्या बाजूला गेला, की मग त्याची पाठमोरी आकृती दिसते. २०२० क्यूजीचे नेमके हेच झाले.

आणि दुसरी अडचण त्याच्या लहानपणाची. लघुग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. सूर्याचा उजेड त्याच्यावर पडतो, त्यातला थोडासा परततो, त्यातला कणभर आपल्या दुर्बिणीत शिरतो. चार-पाच मीटरचा दगड जवळ येईपर्यंत दिसण्याइतका उजळतच नाही. आता तुम्ही विचाराल, त्याचे माप तीन ते सहा मीटर असे मोघम का सांगतात? एक खडूचा तुकडा आणि एक कोळशाचा तुकडा उन्हात ठेवा. खडू लहान असला तरी लखकन दिसतो, कोळसा मोठा असूनही मंद. दुरून पाहणाऱ्याला फक्त चकाकी कळते. वस्तू पांढरी आणि लहान आहे की काळी आणि मोठी, हे नुसत्या चकाकीवरून ठरत नाही. म्हणून दोन्ही टोके सांगायची. विज्ञानात खोटा नेमकेपणा चालत नाही!

आता त्याची कक्षा. लघुग्रह काही वाटेल तसे भटकत नाहीत. तेही पृथ्वीसारखेच सूर्याभोवती फिरतात, फक्त त्यांची वाट जास्त लांबट असते. एका पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचा, दोऱ्याचा एक सैल फास त्यांच्याभोवती घाला, आणि पेन्सिलीने दोरा ताणून धरत गोल फिरवा. तयार होईल ती आकृती म्हणजे लंबवर्तुळ. दोन टाचण्यांपैकी एकीच्या जागी सूर्य समजा. टाचण्या जितक्या दूर, तितकी वाट लांबट. पृथ्वीची वाट काढायची तर टाचण्या इतक्या जवळ ठेवाव्या लागतील, की ती जवळजवळ वर्तुळच वाटेल. २०२० क्यूजी ज्या गटात मोडतो त्याला अपोलो गट म्हणतात. १९३२ साली सापडलेल्या अपोलो नावाच्या लघुग्रहावरून हे नाव पडले. या गटातल्या दगडांची सूर्यप्रदक्षिणा पृथ्वीपेक्षा मोठी असते, पण सूर्याजवळ येताना ते पृथ्वीच्या वाटेपर्यंत किंवा तिच्याही आत येतात. म्हणजे वाटांना फाटक आहे!

रेल्वेचे फाटक तुम्ही पाहिले आहे. रूळ आणि रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. पण तेवढ्याने टक्कर होत नाही. गाडी आणि ट्रक एकाच क्षणी तिथे यायला हवेत. शिवाय आकाशात बऱ्याचदा फाटकाऐवजी उड्डाणपूल असतो. म्हणजे दगडाची वाट पृथ्वीच्या वाटेच्या पातळीला तिरकी असते आणि तो वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून पृथ्वीची वाट ओलांडणारे असंख्य दगड असूनही आपण सुखाने चहा पीत असतो.

तरी वेळेचा हिशेब किती बारीक आहे बघा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. तिची स्वतःची जाडी आहे १२,७४२ किलोमीटर. भागाकार करा. पृथ्वीला स्वतःच्या जाडीएवढे पुढे सरकायला लागतात फक्त सात मिनिटे. म्हणजे फाटकावर पृथ्वी असण्या-नसण्यात सात मिनिटांचे अंतर! सात मिनिटे उशीर म्हणजे बदलापूर लोकलच्या प्रवाशांना उशीरच वाटत नाही. तेवढ्या वेळात पृथ्वी एका जागेवरून पूर्ण बाजूला झालेली असते.

आता या हकिकतीतला मला सर्वांत आवडलेला भाग. तो दगड जसा आला तसा गेला नाही. त्याची वाट वाकली. थोडीथोडकी नाही, सुमारे ४५ अंशांनी! कंपासपेटीतला गुण्या काढा आणि त्यातला ४५ अंशांचा कोन पाहा. सरळ येणारा दगड पृथ्वीजवळून गेल्यावर तेवढा वळून चालू लागला. कुणी वळवला? पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने. मैदानात धावता धावता एखाद्या खांबाला एका हाताने पकडा आणि क्षणभराने सोडून द्या. तुम्ही गर्रकन वळाल आणि भलत्याच दिशेला निघाल. खांब जागचा हलणार नाही. पृथ्वी हा तो खांब, आणि न दिसणारा हात गुरुत्वाकर्षणाचा.

वेगाचेही तसेच. दूर असताना हा दगड पृथ्वीच्या मानाने सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने येत होता. जवळ येता येता, उतारावरून सायकल सुटावी तसा त्याचा वेग १२.३ वर गेला, आणि दूर जाताना चढ लागल्यासारखा तो पुन्हा आठवर आला. पृथ्वीकडून बघणाऱ्याला वाटेल, वेग होता तेवढाच राहिला, नुसती दिशा बदलली. पण सूर्याकडून बघा. पृथ्वी स्वतःच धावते आहे ना! स्थिर धरलेल्या बॅटला लागून चेंडू पायाशी पडतो आणि तोच फिरवलेल्या बॅटला लागला की सीमेपार जातो. धावत्या पृथ्वीने वळवलेल्या दगडाची सूर्याभोवतीची वाटही त्यामुळे बदलते. एका रविवारी सकाळी, आपण चहा पीत असताना, आपल्या पृथ्वीने एका लघुग्रहाची कक्षा नवी करून दिली.

मात्र हा विक्रम तीनच महिने टिकला. दिवाळीच्या तोंडावर, १३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री, '२०२० व्हीटी४' नावाचा दगड दक्षिण प्रशांत महासागरावरून चारशे किलोमीटरहूनही कमी उंचीवरून गेला. अंतराळवीर राहतात ते अंतराळ स्थानक साधारण तेवढ्याच उंचीवर फिरते! हा दगडही दिसला तो निघून गेल्यावर, पंधरा तासांनी, हवाई बेटावरच्या दुर्बिणीला. याची वाट तर इतकी बदलली, की तो अपोलो गटातून उठून एटेन गटात जाऊन बसला. एटेन गट म्हणजे ज्यांचे वर्ष पृथ्वीच्या वर्षापेक्षा लहान असते असे दगड. शाळेत तुकडी बदलावी तसे झाले की नाही?

आता भीतीचे काय? समजा, २०२० क्यूजी पृथ्वीवर आलाच असता तर? फारसे काही झाले नसते. हवेत शिरल्यावर तो तापून फुटला असता, आकाशात एक झगझगीत अग्निगोल दिसला असता, आणि राहिलेच तर काही तुकडे समुद्रात पडले असते. एवढ्या आकाराचे दगड वर्षाकाठी काही वेळा तरी वातावरणात शिरतातच. अंबरनाथचे शिवमंदिर बांधले गेले शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली. तेव्हापासून असे काही हजार दगड पृथ्वीवर कुठे ना कुठे जळून गेले असतील. बहुतेक समुद्रावर, वाळवंटावर, जिथे पाहायला कुणी नाही तिथे.

पण दगड थोडा मोठा असला, की गोष्ट बदलते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर एक दगड असाच सूर्याच्या दिशेने, न कळवता आला. लांबी वीसेक मीटर, म्हणजे आपल्या लोकलच्या एका डब्याएवढी. तो जमिनीपासून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्याहून प्रखर उजेड पडला. लोक साहजिकच 'काय झाले' म्हणून खिडक्यांशी धावले. आणि दोनेक मिनिटांनी हवेचा जबरदस्त धक्का आला! हजारो खिडक्यांच्या काचा फुटल्या, सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. बहुतेकांना लागल्या त्या काचा. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. तोच नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा. आकाशात अचानक असा डोळे दिपवणारा उजेड झालाच, तर खिडकीपासून लांब व्हायचे.

याहून मोठा दगड काय करतो, ते पाहायला रशियात जायची गरज नाही. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर अशाच आघाताने झालेले आहे. आपल्या मलंगगडाचा असतो तसाच काळा कठीण बेसाल्ट खडक तिथे आहे. त्यात १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. उल्हासनगर आणि अंबरनाथ या दोन स्टेशनांमध्ये साधारण तेवढेच अंतर आहे. ते कधी घडले यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. एका मोजणीप्रमाणे सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, दुसऱ्या मोजणीप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. लोणारला सहल नेली तर नुसती देवळे बघून परत येऊ नका, काठाकाठाने थोडे चाला.

आधी कळण्याचे उदाहरणही आहे बरं का, आणि त्यातही रेल्वे आहे! ६ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत रिचर्ड कोवाल्स्की यांना चारेक मीटरचा एक दगड दिसला. हिशेब झाला, तो दुसऱ्याच दिवशी सुदानच्या वाळवंटावर पडणार होता. आणि अगदी सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी तो आकाशात फुटला. लघुग्रह आधी दिसून मग पृथ्वीवर आल्याची ही पहिलीच वेळ. पुढे डिसेंबरमध्ये खार्टुम विद्यापीठाचे विद्यार्थी वाळवंटात एका रांगेत चालत खाली बघत गेले आणि त्यांना त्या दगडाचे काळे तुकडे सापडले. आजवर असे सुमारे सहाशे तुकडे मिळाले आहेत. त्यांचे नाव आहे 'अल्महाता सित्ता'. अरबीत त्याचा अर्थ 'स्टेशन नंबर सहा'. त्या वाळवंटातल्या रेल्वेमार्गावर स्टेशनांना नुसते नंबर आहेत. त्यातल्या सहाव्याच्या जवळ हे तुकडे पडले होते. २०२४ संपेपर्यंत असे आधी कळलेले पाहुणे एकूण अकरा झाले. सगळे लहानच, आणि बहुतेकांची वर्दी मिळाली ती फक्त काही तास आधी.

दिवसाच्या बाजूने येणाऱ्यांचे काय करायचे, यावर नासा एक उपाय करते आहे. उष्णतेच्या किरणांनी पाहणारी एक दुर्बीण थेट अंतराळातच ठेवायची. तिचे नाव 'निओ सर्व्हेयर'. तिथे हवा नाही, म्हणून निळे आकाशही नाही. सूर्याच्या बऱ्याच जवळची जागासुद्धा तिला तपासता येईल. अर्थात तिचा भर मोठ्या दगडांवर असेल. रिक्षाएवढ्यांना शोधायला रेघा तपासणारे डोळे लागतीलच.

ते डोळे तुमचेही असू शकतात. पूर्वी मुंबईची मंडळी रात्रभर आकाश बघायला आपल्या बदलापूरच्या पुढे वांगणीला येत असत. हळूहळू इकडेही दिवे वाढले, आकाश फिकट झाले. पण लघुग्रह शोधायला आता गच्चीवर जावे लागतेच असे नाही. शाळांसाठी जगभर लघुग्रह-शोधाच्या मोहिमा चालतात. मोठ्या दुर्बिणीने काढलेली खरीखुरी छायाचित्रे त्यात मुलांना संगणकावर मिळतात. २०२० मध्येच सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी अशा मोहिमेत एक लघुग्रह शोधला होता. तुमच्या शाळेत संगणक असेल, तर विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना विचारून पाहा.

काम कसे असते, सांगतो. आकाशाच्या एकाच तुकड्याची, थोड्या थोड्या वेळाने काढलेली तीन-चार छायाचित्रे मिळतात. ती एकापाठोपाठ एक भराभर पडद्यावर आणायची, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा. तारे जागचे हलत नाहीत. अधूनमधून कॅमेऱ्यातले डाग उगाच लुकलुकतात, त्यांना फसायचे नाही. दोघांनी मिळून बसावे, म्हणजे एकाचे डोळे थकले तरी दुसरा बघत राहतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग कधीतरी कोपऱ्यातला एक अंधूक ठिपका पहिल्या चित्रात इथे, दुसऱ्यात थोडा पुढे, तिसऱ्यात आणखी पुढे, अगदी सरळ रेषेत सरकताना दिसतो. चौथ्या चित्रात तो कुठे असायला हवा, तिथे आधी बोट ठेवायचे, आणि मग ते चित्र उघडायचे.